गुरुवारची चारची वेळ

"लंबक कुठंय?" खुर्चीत टेकायच्या आधीच मी विचारलं.

डॉक्टर मुजावर माझी फाइल चाळत होत्या. त्यांनी मान वर केली. "कसला लंबक?"

"दोऱ्याला बांधलेला. डोळ्यांपुढं हलवतात तो. का तुम्ही नुसत्या नजरेनंच करता?"

"भिंतीवर घड्याळ आहे, चालत असेल तर त्याच्याकडं बघा," त्या म्हणाल्या आणि रुमालानं नाक पुसलं. "माझ्याकडं दुसरं काही नाही."

मी जरा नाराजच झाले. संमोहन म्हणजे काही तरी काळा झगा, घारे डोळे, घुमणारा आवाज, असलं डोक्यात घेऊन मी दोन जिने चढून आले होते. इथं पस्तिशीची एक साधी बाई, सुती साडी नेसलेली, सर्दीनं नाक चोंदलेलं, आवाज बसलेला. खाली औषधांचं दुकान, त्याच्यापुढं रिक्षा स्टँड, आणि खिडकी उघडी. अशा गलबल्यात ही मला काय झोपवणार, असं वाटलं.

"हे बघा मावशी," त्यांनी सुरुवात केली.

"मावशी नको. तुमची आई काही माझी बहीण नाही."

त्यांना राग आला नाही. "मग काय म्हणू?"

"सिंधूताई म्हणा. ऑफिसात सगळे तेच म्हणायचे."

या गोष्टीला वीस वर्षं होऊन गेली. मी तेव्हा एकसष्टची होते. सांगलीच्या टेलिफोन ऑफिसात तेहतीस वर्षं काढली, त्यातली पंचवीस ट्रंक ऑपरेटर म्हणून. तरुण माणसांना आता ट्रंक कॉल म्हणजे काय हेही सांगावं लागतं. परगावी फोन करायचा तर आधी आम्हाला नंबर द्यायचा, घरी वाट बघत बसायचं, आणि लाइन मोकळी झाली की आम्ही तो जोडून द्यायचो. पंचवीस वर्षं डाव्या कानावर हेडफोन होता. आणि आता त्याच डाव्या कानात शिट्टी वाजत होती. पूर्वी टीव्हीवरचे कार्यक्रम संपले की पडद्यावर पट्टे यायचे आणि एक एकसुरी आवाज यायचा, तसली. दिवसरात्र. मी येताजाता कानात करंगळी घालून हलवायची, जशी काही आत माशीच अडकली आहे. कानाच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून हात वर केले होते. कानाची नस झिजली आहे, याला औषध नाही, मुजावर मॅडमना भेटा, म्हणाले. मॅडम मानसोपचारवाल्या आहेत हे मला पाटी वाचल्यावर कळलं.

"मला वेड लागलेलं नाही," मी त्यांना आधीच सांगून टाकलं.

"माहीत आहे. शिट्टी कधीपासून आहे?"

"सव्वा वर्ष."

"त्या सुमारास घरात काही घडलं होतं?"

"बहीण वारली. तेरावं झालं, पाहुणे गेले, मी दार लावलं आणि शिट्टी सुरू झाली. पण त्याचा याच्याशी संबंध नाही. कान हेडफोननं गेलाय."

त्यांनी काही तरी लिहून घेतलं आणि विषय वाढवला नाही. मला बरं वाटलं. लोक बहिणीचं नाव निघालं की चेहरा पाडायचे आणि मला ते सोसायचं नाही. शेजारच्या चौगुलेबाई पहिला महिनाभर रोज संध्याकाळी डबा घेऊन यायच्या आणि माझ्याकडं बघून डोळे पुसायच्या. शेवटी मी त्यांना म्हटलं, बाई, रडायचं तर तुमच्या घरी रडा, आणि भाजीत तिखट कमी घाला. त्यानंतर त्या आल्या नाहीत. मी तोंडाची फटकळ आहे, पहिल्यापासून.

"तुमच्या स्वयंपाकघरात फ्रीज आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"आहे. का?"

"त्याची घरघर ऐकू येते?"

मी विचार केला. "येत नाही. बंद पडला की कळतं."

"घरघर तर चालूच असते. कानावर पडते. पण हे कामाचं नाही असं मेंदूनं ठरवून टाकलंय, म्हणून तो तिकडं लक्ष देत नाही. तुमच्या शिट्टीकडं मात्र तो चोवीस तास कान लावून बसलाय. ती शिट्टी मला बंद करता येणार नाही, सिंधूताई. तुमचं तिच्यावरचं लक्ष काढून घ्यायला मी मदत करीन. संमोहन म्हणजे तेवढंच. तुम्ही झोपणार नाही. सगळं ऐकू येईल, सगळं कळेल. मनाविरुद्ध एक शब्द तुमच्याकडून कुणी वदवून घेऊ शकत नाही."

"म्हणजे सगळं मीच करायचं. मग फी तुम्हाला कशाची?"

त्या हसल्या. "वाट दाखवायची."

त्या दिवशीची वाट काही सापडली नाही. त्यांनी मला डोळे मिटून श्वास मोजायला सांगितला, अंग सैल सोडायला सांगितलं, आणि मग म्हणाल्या, तुम्ही कृष्णेच्या काठी बसला आहात, संध्याकाळची वेळ आहे, गार वारा आहे. मी डोळे उघडले.

"काय झालं?"

"संध्याकाळी कृष्णाकाठी डास असतात."

पुढच्या गुरुवारी, चार वाजता, त्यांनी नदीचं नाव काढलं नाही. मला म्हणाल्या, तुमच्या कामाचं सांगा. मला वाटलं, उगाच पाच मिनिटं गप्पा. पण त्या बारीकसारीक विचारत गेल्या. बोर्ड केवढा होता, खुर्ची कशी होती, हात कुठं पोचायचा. मी सांगत होते. समोर भिंतीसारखा उभा बोर्ड, त्यावर भोकांच्या रांगा, प्रत्येक भोक म्हणजे एक लाइन. खाली पितळी टोकांच्या दोऱ्या. एक टोक फोन करणाऱ्याच्या भोकात, दुसरं ज्याला हवा त्याच्या भोकात, की दोघं जोडले गेले. प्रत्येक जोडीला एक किल्ली आणि दोन छोटे दिवे.

"डोळे मिटून सांगा," त्या म्हणाल्या. "बोर्ड दिसतोय?"

दिसत होता, चांगला लख्ख. डाव्या हाताची तिसरी रांग मिरजेची, तिथला रंग उडालेला होता, तोसुद्धा दिसला. डॉक्टर त्यांच्या त्या बसक्या आवाजात हळूहळू बोलत होत्या. हात खुर्चीच्या दांड्यावर आहे, सिंधूताई, तो जड होतोय, होऊ दे. तो खरंच जड झाला. मी उचलू शकले असते, हे मला पक्कं ठाऊक होतं. उचलावासा वाटत नव्हता, एवढंच. खालच्या रिक्षा ऐकू येत होत्या, पण दुसऱ्या कुणाच्या तरी गावात असल्यासारख्या.

"त्या बोर्डावर एक लाइन शिट्टीची आहे. सापडली?"

"हं."

"तिची दोरी उपटून टाका."

"नाही," मी म्हटलं.

"का बरं?"

"बोलणं संपून फोन खाली ठेवला की दिवा लागतो. दिवा लागल्याशिवाय दोरी काढायची नसते. चालू फोन तोडला तर मेमो मिळतो."

संमोहनात असूनही मी वाद घातला, आमच्या घराण्याचा तो गुणच आहे. डॉक्टरांच्या जागी दुसरं कुणी असतं तर वैतागलं असतं. या बाईनं मला सरळ विचारलं, "मग तुमच्या नियमात काय बसतं?"

मी उत्तर शोधलं नाही, ते आलंच. "किल्ली वर करायची. किल्ली खाली असली की ऑपरेटरला बोलणं ऐकू येतं. वर केली की ते दोघं बोलत राहतात, आपल्याला ऐकू येत नाही. तेच बरोबर असतं. दुसऱ्याचं ऐकायचं नसतं."

"मग करा वर."

केली. त्या किल्लीचा खट्‌ असा आवाज सुद्धा मला आला. शिट्टी बंद नाही झाली, पण ती भिंतीपलीकडं गेली. मी डोळे उघडले तेव्हा गालांवर पाणी होतं आणि ते कशाचं हे मला कळेना. डॉक्टरांनी कागदी रुमालांचा डबा पुढं केला. "डोळ्यांना ताण येतो मिटून," असं काही तरी मीच म्हटलं.

घरी रोज दोनदा, दहा-दहा मिनिटं, स्वतःचं स्वतः हे करायला सांगितलं होतं. मी नोकरीत एकही लेटमार्क नसलेली बाई. सकाळी सात आणि संध्याकाळी सात, वेताच्या खुर्चीत बसायचं, श्वास मोजायचा, बोर्ड आणायचा, किल्ली वर करायची. तिसऱ्या गुरुवारी दहापैकी नऊची शिट्टी सहावर आली, चौथ्या गुरुवारी चारवर. डॉक्टर माझ्याहून जास्त खूष झाल्या.

आणि मग तो मंगळवार आला. सकाळी मी दूध तापत ठेवलं होतं, ओट्याशी उभी होते, आणि एकदम लक्षात आलं की शिट्टी नाही. मुद्दाम कान देऊन शोधली, तर अगदी लांब, तळाशी कुठं तरी होती. सोडून दिली की नव्हतीच. सव्वा वर्षानं माझं डोकं रिकामं झालं होतं.

देवापुढं साखर ठेवावी इतका आनंद व्हायला हवा होता. मी तशीच उभी राहिले आणि घर ऐकू यायला लागलं. म्हणजे काहीच ऐकू येईना. भिंतीवरचं घड्याळ, दुधाखालचा गॅस, आणि बाकी नुसतं घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागं मोरी, सगळीकडं माणूस नसल्याचा आवाज. दूध उतू जाऊन गॅस विझला तेव्हा मी हलले. रेडिओ लावला. मग बंद केला, कारण त्यात बोलणारा माणूस माझ्याशी बोलत नव्हता. दिवसभर मी भांडी आपटत काम केलं. मला भीती वाटत होती, हे आज कबूल करायला लाज नाही.

गुरुवारी मी पेढे घेऊन निघाले. खरंच घेतले होते, पाव किलो. जिना चढताना हिशेब झाला डोक्यात. बरं वाटलं म्हटलं की डॉक्टर म्हणणार, वा, आता यायची गरज नाही, काही वाटलं तर फोन करा. म्हणजे पुढच्या गुरुवारी चार वाजता मी घरी. त्याच्या पुढच्या गुरुवारीही. आठवड्यात माझं नाव घेऊन माझ्याशी बोलणारं जगात एकच माणूस होतं. पुण्याची एक लांबची भाची रविवारी फोन करायची, पण ती 'तब्येत बरी ना' विचारून माझ्या उत्तराआधीच 'बरं ठेवते' म्हणायची.

"कशी आहे शिट्टी?" डॉक्टरांनी विचारलं.

"पुन्हा वाढली," मी म्हटलं. "आठ."

पेढे पिशवीतच राहिले. घरी येऊन मी ते एकटीनं दोन दिवसांत संपवले.

खोटं एकदा बोललं की त्याला पाणी घालावं लागतं. त्यापुढच्या गुरुवारीही मी आठच सांगितलं. डॉक्टर विचारात पडल्या. म्हणाल्या, आज बोटांना विचारू या. उजव्या हाताची तर्जनी म्हणजे हो, डाव्या हाताची म्हणजे नाही. तोंडानं बोलायचं नाही, जे बोट आपोआप उचललं जाईल ते जाऊ द्यायचं. मी डोळे मिटले. तो बसका आवाज सुरू झाला आणि मी त्यात उबेला शिरावं तशी शिरले. सिंधूताई, खांदे सैल. सिंधूताई, कपाळ सैल. बोर्डबिर्ड काही मी आणलाच नाही, नुसती ऐकत बसले.

"आत्ता शिट्टी ऐकू येतेय?"

डाव्या हाताची तर्जनी वर गेली. मी उचलली की ती उचलली गेली, ते मला आजही सांगता येणार नाही. डोळे उघडायला सांगितल्यावर मी आधी त्यांच्या चेहऱ्याकडं पाहिलं. त्या नेहमीसारख्याच होत्या.

"दहापैकी किती?"

"आठ," मी म्हटलं.

त्यांनी आठ लिहिलं. मला घाम फुटला होता. बाहेर पडताना वाटलं, चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच, आणि तरीसुद्धा पुढच्या गुरुवारी मी पावणेचारला तिथं हजर होते आणि आठच म्हणाले.

त्याच्या पुढच्या गुरुवारी बाहेरच्या बाकावर एक बाई बसली होती. पंचेचाळीसची असेल, इरकली लुगडं, विट्याहून आलेली. डाव्या हातानं तिनं पदर अंगापासून लांब धरला होता, ओलं कापड धरावं तसा. स्वागताच्या टेबलावरची मुलगी तिला समजावत होती.

"आता दिवाळीनंतरच वेळ आहे हो. मॅडम या उपचाराला आठवड्यातून चारच पेशंट घेतात. सगळ्या वेळा भरल्यात."

"दिवाळीला दीड महिना हाय की," ती बाई म्हणाली. "नागीण झालती. फोड गेलं, पर आग जाईना. कापड लागलं तरी जीव जातुय. चार म्हयनं झालं, रात्री पाठ टेकली न्हाई."

"मी नाव लिहून घेते. कुणी रद्द केलं तर कळवते."

ती बाई तिथंच बसून राहिली. जायला निघायचं तर उठायला हवं, आणि उठलं की कापड अंगाला लागतं, हे मला बघता बघता कळलं.

आमच्या वेळी सांगलीहून मुंबईला मोजक्या लाइनी होत्या. अर्ध्या गावाला त्या पुरवायच्या. कुणाचा बाप दवाखान्यात, कुणाच्या मुलाचा निकाल, माणसं तासन्‌तास ताटकळायची. आणि काही बडी मंडळी बोलणं संपलं तरी फोन ठेवायची नाहीत. 'आणखी काय', 'तूच सांग', 'नाही, तू सांग', असं चालायचं. त्यांना मी झाडायची. बोलणं संपलं असेल तर लाइन सोडा, इतर लोक थांबलेत, असं म्हणायची, समोर कलेक्टर का असेना. पंचवीस वर्षं मी लोकांना ते ऐकवलं होतं.

मी आत गेले आणि उभ्यानंच म्हटलं, "शिट्टी गेलीय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कधी?"

"महिना होत आला. मी खोटं बोलले. बाहेर विट्याची बाई बसलीय, माझी वेळ तिला द्या."

"बसा, सिंधूताई."

"बसत नाही. माझं बोलणं संपलंय आणि मी लाइन अडवून बसलेय."

"पाच मिनिटं बसा. तेवढी थांबेल ती."

मी बसले. मग मला राहवेना. "तुम्हाला त्या दिवशी बोटावरनं कळलं ना?"

"बोटंही खोटं बोलतात. त्यावर मी फार विसंबत नाही," त्या म्हणाल्या. "पहिले चार गुरुवार तुम्ही दर दोन मिनिटांनी कानात करंगळी घालायचात. नंतर एकदाही नाही घातलीत."

"मग बोलला का नाहीत? माझी फजिती बघत बसलात?"

"दुखणं गेलेलं माणूस ते लपवतं, तेव्हा त्याला त्यातलं काही तरी हवं असतं. ते मी ओढून काढून काय उपयोग? तुम्हीच सांगाल म्हणून थांबले."

खरं म्हणजे तिथंच उठायला हवं होतं. पण डॉक्टर माझ्याकडं बघत होत्या आणि त्यांना कसलीच घाई नव्हती. मी खिडकीकडं बघून बोलायला लागले.

अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. सव्विसाव्या वर्षी नवरा गेला आणि माहेरी परत आली. आई-वडील गेल्यावर आम्ही दोघीच, पस्तीस वर्षं एका घरात. ती बोलायची, म्हणजे किती, तर दिवसभर. भाजीवाला काय म्हणाला, दूध कसं पातळ होतं, समोरच्यांच्या सुनेनं काय नेसलं होतं. मी ऑफिसातून यायची ती डोक्यात शंभर माणसांचे आवाज घेऊन. दारात पाऊल टाकलं की हिचं सुरू. सुरुवातीला मी हूं हूं करायची. मग तेही करेनाशी झाले. निवृत्त झाल्यावर तर सकाळपासून तोंडाशी तोंड.

"त्या दिवशी संध्याकाळी मी शब्दकोडं सोडवत होते," मी डॉक्टरांना म्हटलं. "ती भाजी निवडत होती. म्हणाली, अगं, आज काय गंमत झाली, तो भाजीवाला आहे ना... आणि मी म्हटलं, अक्का, कान किटले गं माझे. जरा गप्प बसशील का? तर ती 'बरं' म्हणाली. रागावून नाही हो. साधं, बरं. जेवताना बोलली नाही. अंथरूण घातलं, बोलली नाही. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. सकाळी चहा ठेवून हाक मारली तर गार पडली होती."

मी पर्सची चेन उघडली, परत लावली.

"मी त्या भाजीवाल्याला विचारायला गेले होते. दहाव्याच्या आधीच. म्हटलं, अक्काशी तुझं काय बोलणं झालं होतं त्या दिवशी? तो बिचारा घाबरला. काय की बाई, म्हणाला, त्या रोजच बोलायच्या."

खाली एक रिक्षा चालू होत नव्हती. कुणी तरी किक मारत होतं.

"शिट्टी होती तोवर घरात काही तरी वाजत तरी होतं," मी म्हटलं. "तुम्ही ती काढलीत आणि मला कळलं, मी तिच्याकडं पस्तीस वर्षं मागत होते ती शांतता हीच. आता मिळालीय. चोवीस तास मिळालीय. आणि मी इथं येऊन खोटं बोलत होते, ते तुम्ही अर्धा तास माझं नाव घेता म्हणून."

बोलून झाल्यावर मला वाटलं, आता त्या काही तरी पुस्तकातलं बोलतील. तुमचा दोष नव्हता, वगैरे. त्यांनी विचारलं, "हे इतके दिवस डोळे मिटून का नाही सांगितलंत? तिथं सोपं गेलं असतं."

"म्हणूनच. उद्या मीच म्हटलं असतं, गुंगीत काही तरी बरळले. हे मी शुद्धीवर सांगतेय."

त्यांनी मान डोलावली. "एक खरं सांगू? कानातला आवाज मागं सारता येतो. हे मागं सारायचा प्रयत्न मी करणार नाही."

"मी करूही देणार नाही."

"तुम्ही रडलात का त्यांच्यासाठी?"

"आम्हाला सवय नसते. लोकांच्या मयताच्या बातम्या जोडून देताना रडत बसलं असतं तर पुढचा फोन कुणी जोडला असता?"

"आता पुढचा फोन नाही, सिंधूताई," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

मी पर्स उचलली. दाराशी गेल्यावर त्या म्हणाल्या, "रस्त्यात भेटलात तर ओळख दाखवाल ना?" मी म्हटलं, बघू. बाहेर येऊन विट्याच्या बाईला सांगितलं, जा, तुमची वेळ आहे. तिनं माझा हातच धरला.

"आत काय करत्यात ओ? झोपवून मनातलं काढून घेत्यात म्हणं."

"काही काढून घेत नाहीत. तुम्ही द्याल तेवढंच घेतात," मी म्हटलं. "तुम्ही घरी काय काम करता?"

"मागावर बसते की. लुगडी."

"मग त्यांना मागाचं सगळं नीट सांगा. नदीबिदी म्हणाल्या तर ऐकू नका."

ती आत गेली. पदर तसाच लांब धरलेला. तिचं पुढं काय झालं ते मला माहीत नाही, मी परत कधी त्या जिन्यानं गेले नाही.

घरी पोचले तेव्हा साडेपाच झाले होते. कुलूप काढलं, पाय धुतले, चहा टाकला नाही. रेडिओ लावला नाही. अक्काच्या कॉटसमोर खुर्ची ओढून बसले. सव्वा वर्ष त्या कॉटवर मी वर्तमानपत्रांचे गठ्ठे रचत होते, म्हणजे ती रिकामी दिसायला नको. ते खाली उतरवले. घर गप्प होतं, आणि या वेळी मी त्याला गप्प राहू दिलं.

"हं, अक्का," मी मोठ्यानं म्हटलं. "त्या भाजीवाल्याचं काय सांगत होतीस?"

घड्याळ चालू होतं. मी थांबले. वेड्यासारखी खरंच थांबले, पाच मिनिटं, दहा मिनिटं, कान देऊन. "सांग की," मी म्हटलं. "आता मी काही वाचत नाहीये. सांग ना गं."

आणि मग माझ्या घशातून असा आवाज निघाला की मीच दचकले. तो थांबेना. मी तोंडावर पदर धरला तरी थांबेना. एकसष्ट वर्षांची बाई, ओरडून रडत होते.

दार उघडंच राहिलं होतं. चौगुलेबाई धावत आल्या, हाताला कणीक लागलेली, तशाच. वर्षभर आम्ही एकमेकींकडं बघतही नव्हतो.

"काय झालं हो? सिंधूताई, काय झालं?"

"अक्का गेली," मी म्हटलं. "अहो, माझी अक्का गेली हो."

कधीची गोष्ट ही, असं त्यांनी म्हटलं नाही. त्यांनी चपला उंबऱ्याबाहेर काढल्या, आत आल्या, आणि जमिनीवर माझ्याजवळ बसून विचारलं, "कशा गेल्या?"

मी त्यांना पहिल्यापासून सांगायला लागले.